राखेखालचे पाणी : कोणता उपाय मागायचा?

(उंब्रज येथील मेळाव्यात केलेले भाषण)



उंब्रजला औष्णिक वीज केंद्र नाही, मग राखेचे भाषण इथे कशाला, असे मघाशी एकाने विचारले. प्रश्न रास्त आहे. पण राख आता केंद्राच्या कुंपणाआड राहात नाही. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या कामात राख वापरणे बंधनकारक केले आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी काढून सखल जमिनीही राखेने भरता येतात. सोलापूरजवळ एनटीपीसीचे १३२० मेगावॅटचे केंद्र आहे आणि सातारा-सांगली त्याच्या टापूत येतात. उद्या तुमच्या ओढ्याकाठच्या जुन्या खाणीत राखेचे डंपर रिकामे झाले तर काय मागायचे, हे आजच ठाऊक असले पाहिजे.

ज्यांनी हे भोगले आहे ते आपलेच कापूसवाले भाऊ आहेत, नागपूर जिल्ह्यातले. कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची दोन मोठी केंद्रे तिथे आहेत. आपल्या कोळशात शंभराला तीस-चाळीस भाग राख निघते. ती पाण्यात कालवून नळाने बंधाऱ्यात सोडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंथन अध्ययन केंद्र आणि इतर संस्थांनी त्या परिसराच्या पाण्याचा अहवाल काढला. त्यात पारा, आर्सेनिक, लिथियम मर्यादेबाहेर सापडल्याची नोंद आहे. नांदगावच्या लोकांनी तक्रार लावून धरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथे गेले आणि राख टाकणे थांबवण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी जुलैच्या पावसात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांतून, नाल्यांतून कन्हान नदीपर्यंत गेले.

बंधारा फुटला की फोटो छापून येतात. बंधारा झिरपतो त्याचा फोटो निघत नाही. तळाला अस्तर नसलेल्या बंधाऱ्यातून पाणी रोज खाली उतरते आणि राखेतले क्षार विरघळवून विहिरीकडे नेते.

इथे शेतीचा पदवीधर म्हणून एक इशारा देतो. बोरॉन सोसण्यात कापूस फार दणकट, ज्वारीही दणकट. संत्रा, मूग, भुईमूग नाजूक. म्हणजे विहिरीत राखेचे पाणी उतरले, तरी कपाशी हिरवीगार दिसेल आणि ज्वारीला कणीस भरेल. पीक चांगले म्हणून पाणी चांगले, हा आपला जुना आडाखा इथे फसतो. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही.

आता समजा पाणी बिघडले. साहेब लोक उपाय घेऊन येतील. प्रत्येकाचा हिशेब मांडून बघू.

पहिला उपाय टँकर किंवा आरओ यंत्र. ते त्याच दिवशी मागा, कारण लेकरे आज पाणी पितात. पण ती मलमपट्टी आहे. गुरांना, पिकाला आरओ पुरत नाही. आणि त्यातून निघालेले खारे पाणी मोरीतून पुन्हा जमिनीतच मुरते.

दुसरा, ‘फक्त तपासणी करत राहू, आपोआप कमी होईल.’ काही औषधे मातीत कुजतात. आर्सेनिक, बोरॉन कुजत नाहीत. आर्सेनिक मातीतल्या लोहाला चिकटते, पण परिस्थिती बदलली की सुटते. बोरॉन तर फारसे चिकटतच नाही, ते पाण्याबरोबर पुढच्या विहिरीला जाते.

तिसरा, राखेवर माती टाकून झाडे लावणे. हा सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत लाडका. २०२१ च्या अधिसूचनेत जुनी राख दहा वर्षांत वापरून संपवायची आहे. पण असा स्थिर करून झाडे लावलेला, मंडळाने प्रमाणित केलेला बंधारा त्यातून सुटतो. झाकणाने वरचा पाऊस अडतो, हे खरे. पण राखेचा तळच भूजलात बुडत असेल, तर ही डोक्यावर छत्री आणि पाय ओढ्यात अशी गत. उलट, राख कोरडी आणि पाण्याच्या पातळीपासून चांगली उंच असेल, तर झाकण पुरू शकते. म्हणून माझे एकच मागणे आहे : भरपावसात भूजल जास्तीत जास्त किती वर येते आणि राखेचा तळ कुठे आहे, हे दोन आकडे आधी मांडा. त्यावाचून झाकणाला होकार देऊ नका.

चौथा, जमिनीखाली भिंत बांधणे किंवा दूषित पाणी उपसून शुद्ध करणे. भिंतीला खाली घट्ट तळ लागतो. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांतून पळते. एक विहीर बिघडते, शेजारची चांगली राहते. उपसा करायचा तर तो वर्षानुवर्षे चालवावा लागतो. वीजबिल आणि निघालेला गाळ कोणाच्या खात्यावर, ते लिहून घ्या.

पाचवा, राख काढून विटा-सिमेंटला देणे, उरलेली अस्तर असलेल्या खड्ड्यात नेणे. हा महाग, धुरळ्याचा, वेळखाऊ. पण नळ बंद करणारा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक एनर्जीला झाकण घालून मोकळे व्हायचे होते. लोक आणि सरकार हटले नाहीत. २०१९ च्या शेवटच्या दिवशी कंपनीने सहा ठिकाणची सुमारे ८ कोटी टन राख उपसायचे मान्य केले. मात्र आपल्या गावची राख दुसऱ्या गावच्या नाल्यात जाणार असेल, तर तो उपाय नव्हे, ती नुसती हलवाहलव.

महाग उपाय परवडत नाही, असे सांगतील. स्वस्त उपायाचा उरलेला खर्च कुठे जातो? तुमच्या नव्या बोअरला, दवाखान्याला, पडलेल्या जमिनीच्या भावात. खर्च कमी होत नाही, खाते बदलते. बिघडवणाऱ्याने भरावे, हे तत्त्व हरित लवादाच्या कायद्यातच आहे आणि लवादाचे खंडपीठ पुण्यात बसते.

शेवटचे, घरी जाऊन करायचे काम. राख येण्याआधीचा कागद तयार ठेवा. मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर, अशी वर्षातून दोनदा विहिरीची पातळी वहीत लिहा. गावातल्या दोन-तीन विहिरींचे पाणी प्रयोगशाळेत द्या आणि बोरॉन, सल्फेट, आर्सेनिक, पारा यांची नावे लिहून तपासणी मागा; मागितल्याशिवाय ती होईल असे धरू नका. बोरॉन आणि सल्फेट पाण्याबरोबर आधी पोचतात, तेच पहिली वर्दी देतात. भरावाच्या वरच्या अंगाची एक विहीर त्यात हवीच, तुलनेसाठी. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्या.

हा कागद नसेल, तर उद्या ऐकावे लागेल की तुमची विहीर पहिल्यापासून अशीच होती. तपासणीचे पैसे वर्गणीतून जमतील, पण नमुने राखेच्या आधी गेले पाहिजेत. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या विहिरींचे आकडे घेऊन यावे.