अर्धच्छेद आणि आठवीचा घातांक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पिंपळे सौदागर येथे दिलेले व्याख्यान)



आठवीच्या गणितात 'घातांक व घनमूळ' हे प्रकरण आहे. पाया समान असता गुणाकारात घातांकांची बेरीज करावी, हा नियम आपली मुले घडाघडा म्हणतात. बेरीजच का, असे विचारले की गप्प होतात. याचे उत्तर आपल्या आगमांत आहे. पण आगमही आपण पाठच करतो, ही खंत आहे.

अनुयोगद्वारसूत्रात पर्याप्त मनुष्यांची किमान संख्या दोन रीतींनी सांगितली आहे. दोनच्या सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणावे. किंवा जी ९६ वेळा निम्मी करता येते, ती संख्या घ्यावी. दोनचा पहिला वर्ग ४, दुसरा १६, मग २५६, ६५,५३६ आणि पाचवा ४,२९,४९,६७,२९६. (हिंजवडीला संगणकावर काम करणाऱ्या मंडळींना हा आकडा ओळखीचा वाटेल.) पाचव्या वर्गात २ हा अवयव ३२ वेळा, सहाव्यात ६४ वेळा; एकत्र ९६. उत्तर २९ अंकी, आणि घातांकांची बेरीज डोळ्यांसमोर!

निम्मे करण्याच्या या मोजणीला वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत 'अर्धच्छेद' म्हटले आहे. ३२ चे अर्धच्छेद पाच: १६, ८, ४, २, १. मग २ चा शून्य घात १ का? कारण एकापर्यंत येण्यास एकाला एकदाही निम्मे करावे लागत नाही. वर्गमूळही असेच उलगडते. २५६ चे अर्धच्छेद ८, त्याच्या मुळाचे, म्हणजे १६ चे, ४. मूळ काढले की अर्धच्छेद निम्मे होतात. आता एक पाऊल आपण टाकू: २ चा अर्धच्छेद एक, तर त्याच्या वर्गमुळाचा अर्धा. मुलांना बुचकळ्यात टाकणारा 'अर्धा घात' तो हाच. 'सारे आमच्याकडे आधीच होते' म्हणून टाळ्या घेण्यासाठी मी हे सांगत नाही. मुलांना घातांक कळावा, एवढाच हेतू आहे.

अनुयोगद्वार श्वेतांबर परंपरेचे, धवला दिगंबर परंपरेची. गणितात दोघे एका पाटावर बसतात. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जपलेल्या धवलेचा पहिला खंड डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ साली आपल्या अमरावतीहून प्रकाशित केला.

बालमित्रांनो, आता ३ चे अर्धच्छेद काढून पाहा. पूर्ण संख्येत येणार नाहीत. तीनने भागत जाण्याला धवलेत 'त्रिकच्छेद' असे वेगळे नाव आहे. चला, ८१ पासून सुरुवात करू.