आवडनिवड : एका जुन्या सभासदाची कबुली

(ग्रंथालयाच्या शताब्दी समारंभात केलेल्या भाषणाचा मसुदा)



शताब्दीच्या व्यासपीठावर विद्वानांना पाचारण करावे, असा प्रघात आहे. कार्यवाहांनी तो मोडून, उभी हयात हिशेबाच्या वह्या तपासण्यात घालवलेल्या माणसाला आज उभे केले, याचे कारण मला एकच दिसते. या ग्रंथालयाचा उंबरठा साठ वर्षांहून अधिक काळ झिजवणाऱ्यांपैकी जे थोडे लोक अजून आपल्या पायांनी येथवर येऊ शकतात, त्यांत माझी गणना होते. विषयही त्यांनीच नेमून दिला. आपले सर्वांत आवडते पुस्तक कोणते आणि सर्वांत नावडते कोणते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भर सभेत देता येते. दुसऱ्याचे देताना जीभ थोडी अडखळते. कारण माझे नावडते पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या देव्हाऱ्यात आहे.

गोरखीत उभे राहून आवडता ग्रंथ सांगायचा म्हणजे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचे नाव घ्यायचे, अशी आपल्याकडे जवळजवळ रीतच आहे. तांबे १९४१ साली याच शहरात निवर्तले. परंतु त्यांची कविता आम्ही ‘वाचली’ असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ती आधी कानांवर पडली, घरातल्या बायकांच्या तोंडून. पुस्तक फार नंतर हाती आले. म्हणून त्यांना मी या निवडीतून आदरपूर्वक बाजूस ठेवतो.

माझे सर्वांत आवडते पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, कर्ज फिटेल, एवढ्या आशेने काकांबरोबर उत्तरेची वाट धरतो आणि नेमका १८५७ च्या वणव्यात सापडतो. पराक्रम गाजवायला तो निघालेला नव्हता. मला त्याची ओढ वाटते ती याचमुळे. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापती असतात. येथे एक भ्यायलेला, भुकेला, पण डोळे उघडे ठेवणारा माणूस आहे. झाशी पडली तेव्हा तो शहरात होता. सोने-रुपे लुटून झाल्यावर तांब्यापितळेची पाळी आली, मग कापडांची, मग धान्याची. लूटसुद्धा कशी क्रमवार चालते, हे त्याने जसे टिपले तसे कोणा बखरकाराने टिपलेले मला आठवत नाही. काल्पीच्या वाटेवर तहानेने व्याकूळ झालेली राणी विहिरीपाशी भेटते आणि या ब्राह्मणाला पाणी काढू न देता स्वतःच दोर हाती घेते, तो प्रसंग आपणां सर्वांना ठाऊक आहेच.

मला मात्र त्याहून अधिक आठवते ते झाशीच्या ग्रंथसंग्रहाचे वर्णन. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली पुस्तके, जतनाने बांधून ठेवलेल्या पोथ्या. आणि एका दिवसात त्यांची झालेली धूळधाण. जीव मुठीत धरून पळणारा माणूस त्या धामधुमीत पोथ्यांसाठी हळहळतो! पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते पान मी येथेच, खिडकीशेजारच्या बाकावर बसून वाचले आणि मान वर करून समोरच्या कपाटांकडे पाहिले. ही कपाटे कधी रिकामी होऊ शकतात, हा विचार तोवर माझ्या मनाला शिवला नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे पुस्तक ग्वाल्हेरात बसून वाचणे सोपे नाही. १ जून १८५८ रोजी जयाजीराव शिंद्यांचे सैन्य रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी यांना जाऊन मिळाले, महाराज आग्र्याला गेले, आणि त्याच महिन्यात राणी येथे धारातीर्थी पडली. फुलबागेजवळच्या समाधीपाशी आम्ही लहानपणी फुले वाहत होतो आणि घरी आल्यावर शिंदे सरकारच्या चाकरीत मिळालेल्या जुन्या सनदेचा अभिमान ऐकत होतो. त्या जूनमध्ये आमचे पूर्वज कोणत्या बाजूला उभे होते, हे मी वडिलांना एकदा विचारले. त्यांनी चष्मा पुसला आणि वर्तमानपत्र उघडले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असाच चष्मा पुसला गेला असेल.

या पुस्तकाने मला पुढे एक धक्काही दिला. गोडसे भटजींना लिहिते केले ते भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी आणि १९०७ साली पुस्तक छापलेही त्यांनीच. वैद्य हे एके काळी आपल्याच ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश होते, म्हणून ती आवृत्ती आम्हांला घरची वाटे. १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून भटजींचा मजकूर प्रसिद्ध केला, तो पुढे माझ्या हाती आला आणि मी चकित झालो. वैद्यांनी भाषा घासूनपुसून घेतली होती, काही मजकूर गाळला होता. ज्या शब्दांवर मी जीव लावला, त्यांतले किती भटजींचे आणि किती न्यायमूर्तींचे? साक्षीदाराची जबानी न्यायाधीशानेच सुधारून लिहावी, तसा हा प्रकार. काही दिवस मी वैद्यांवर मनातून रुष्ट होतो. पण वैद्य नसते तर भटजी वरसईत आपल्या आठवणींसह विझून गेले असते, हेही तितकेच खरे. आज दोन्ही पुस्तके माझ्या उशाशी असतात; झोप येत नसली की मूळ प्रत, मन उदास असले की वैद्यांची. माझी नात हेच पुस्तक हिंदीत वाचते, अमृतलाल नागरांनी केलेल्या ‘आँखों देखा गदर’ या अनुवादातून. तिला मराठी बोलता येते, वाचताना अडखळते. नागरांचे उपकार मानावेत की खंत करावी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या क्रमांकावर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. तिच्याविषयी बोलावे तितके थोडे, म्हणून थोडेच बोलतो. १९३४ ते १९३६ या काळात तिचे चार भाग निघाले. तिचाही आरंभ सत्तावन्नच्या सावलीतच होतो. आजोबांना फाशी झालेली आणि वडिलांना सोवळ्याचे वेड लागलेले, अशा घरातली ही मुलगी आपले सारे दुःख हसत हसत सांगते. रडण्याचा हक्क असून न रडणारी इतकी मोठी माणसे मराठीत फार नाहीत. विश्वास पाटलांच्या १९८८ सालच्या ‘पानिपत’चे नाव मी घेत नाही म्हणून काही मंडळी नाराज होतील. ते मी तीन रात्रींत वाचून काढले. पुन्हा उघडावेसे वाटले नाही. ते ना या यादीत, ना त्या यादीत.

आता नावडते पुस्तक. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’.

आपल्यात चुळबुळ झाली, ती मला दिसली. १९५९ साली निघालेली ही कादंबरी साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरवली गेली, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार तिच्यामुळे मराठीत पहिल्यांदा आला. खांडेकरांची साधुता, त्यांचे वाचकांवरील प्रेम यांविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण त्या कादंबरीत राजा बोलो, दासी बोलो की ऋषिपुत्र बोलो, सारे एकाच आवाजात बोलतात, आणि तो आवाज शिरोड्याच्या शाळेतल्या थोर मनाच्या शिक्षकाचा असतो. वाक्यावाक्याला सुभाषित. कचाने तोंड उघडले की मी घड्याळाकडे पाहू लागतो. महाभारतात चार रेषांनी उभी राहिलेली माणसे येथे उपमांच्या गाद्यागिरद्यांत रुतून बसतात. हे मत मी विसाव्या वर्षी बनवले आणि अजूनही बदललेले नाही.

परंतु या नावडीची किंमत मी भरलेली नाही. दुसऱ्या कोणी भरली. ते सांगितल्याशिवाय ही कबुली पुरी होणार नाही.

१९६१ साली मराठी साहित्य संमेलन आपल्या ग्वाल्हेरला भरले. अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या. संमेलनाच्या इतिहासात हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. मी तेव्हा स्वयंसेवक म्हणून पाण्याचे पेले वाटत होतो. आमच्या घरी माझी एक आत्या असे. चौदाव्या वर्षी वैधव्य येऊन ती माहेरी परतली, ती कायमचीच. सणावारी गोरखीतल्या देवघरापर्यंत जाणे, एवढाच तिचा परीघ. बाई अध्यक्ष झाली आहे, हे ऐकून तिने माझ्या मागे टुमणे लावले आणि मी तिला मंडपात नेऊन मागच्या रांगेत बसवले. भाषण तिला किती कळले, कोण जाणे. घरी परतल्यावर म्हणाली, “अरे, तुझ्या त्या लायब्ररीतून माझ्यासाठीही पुस्तक आणत जा.” कुसुमावतीबाई त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गेल्या. आत्येचे वाचन मात्र सुरू राहिले.

तिच्या नावाचे खाते नव्हते. माझ्या खात्यावर दोन पुस्तके मिळत. एक माझे, एक तिचे. तिने ‘ययाति’ मागितली, मी आणली. पुढच्या वर्षी पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मी, चार समीक्षा वाचलेला तरुण, म्हणालो, “आत्या, ती काय कादंबरी आहे? सुविचारांची वही आहे ती!” आणि दुसरेच काही तिच्यापुढे ठेवले. ज्ञानपीठ जाहीर झाल्यावर पुस्तकाला मागणी आली, तेव्हा तिने आणखी एकदा शब्द टाकला. घरात पाहुणे होते. मी त्यांच्यादेखत तिच्या आवडीची थट्टा केली. ती हसली नाही, रागावलीही नाही. एवढेच म्हणाली, “मी त्यात काय वाचते, ते तू कधी विचारलंस का?” मी तेव्हाही विचारले नाही. त्यानंतर तिने ते पुस्तक मागितले नाही.

ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी माझ्या चुलतबहिणीकडून उत्तर कळले. आत्या कचाची पाने उलटून टाकी, ययातीची तर बहुतेक वाचतच नसे. ती देवयानीची प्रकरणे वाची. बहिणीला तिने सांगितले होते, “ही बाई एवढी रागावते आणि तरी तिला बोलू देतात.” आमच्या घरात आत्येला रागावलेली कोणी पाहिली नव्हती. पन्नासाहून अधिक वर्षे ती त्या घरात राहिली; तिला राग येत असेल, ही शंकाही आमच्यापैकी कोणाला आली नाही.

या भाषणासाठी मी गेल्या महिन्यात ‘ययाति’ पुन्हा घेतली आणि फक्त देवयानीची पाने वाचली. माझे मत सांगतो. खांडेकरांनी देवयानीला न्याय दिला, असे मला अजूनही वाटत नाही. तिचा अहंकार ते सोडत नाहीत आणि शर्मिष्ठेच्या पारड्यात सारी माया टाकतात. सुभाषितांचा कंटाळा मला पूर्वीइतकाच आला. पण लेखकाने तिला आपल्या तोंडाने बोलायला पाने दिली, हे मी विसाव्या वर्षी पाहिले नव्हते. लेखकाच्या मनाविरुद्ध वाचून त्या पानांतून आत्येने आपल्यापुरते काढून घेतले, आणि मी तिच्या हातून ते पुस्तक काढून घेतले. आवडनिवड माझी होती, खाते माझे होते, वाचक ती होती.

पुढे मी ग्रंथनिवड समितीवर काही वर्षे होतो. मला न आवडलेल्या पुस्तकांच्या खरेदीला मी तेथे एकदाही विरोध केला नाही. सहकारी त्याला माझी उदारता समजत. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, आज करतो.

‘ययाति’ची ती प्रत माझ्या पिशवीत आहे. परतीची तारीख उलटून दोन दिवस झाले. सभा संपल्यावर ती जमा करीन; विलंबशुल्क कार्यवाहांनी अवश्य घ्यावे.