सिबिलमध्ये नाव नसलेल्यांची गाडी



आजचा विषय गाडीचा आहे, पण शोरूममधल्या नव्या गाडीचा नाही. घरातली पहिलीच गाडी, तीही सेकंडहँड, आणि ती घेणारा असा माणूस की ज्याने बँकेचं कर्ज जन्मात घेतलेलं नाही. अंबरनाथच्या बुवापाड्यात, विमको नाक्यावर किंवा पलीकडे उल्हासनगरच्या कॅम्पात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

समजा, तो आनंदनगर एमआयडीसीत पाळीवर काम करतो. पगार दहा वर्षं खात्यात जमा होतोय. घरभाडं कधी थकलं नाही, भिशीचा हप्ता कधी चुकला नाही. पतसंस्थेतून बहिणीच्या लग्नाला काढलेलं कर्ज त्याने मुदतीआधी फेडलं. चार-पाच वर्षं वापरलेली वॅगन-आर त्याने पाहून ठेवली आहे. बँकेत गेल्यावर संगणकाकडे बघून साहेब म्हणतात, "तुमचं सिबिलच नाही." अशा माणसाला वाटतं की आपलं काहीतरी वाईट निघालं. तसं काही नसतं. अहवालात गुणांच्या जागी आकडाच नसतो, कुठे उणे एक असतं, तर कुठे हिस्टरी नसल्याची खूण. वाईट सिबिल ही वेगळीच गोष्ट. ते कर्ज बुडवल्याने होतं, आणि याने तर काहीच बुडवलेलं नाही.

मग त्याने फेडलेलं सगळं गेलं कुठे? सिबिल ही कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी २००० साली स्थापन झाली. आज तिच्यासह अशा चार कंपन्या आहेत. बाकीच्या तीन एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांना माहिती कोणी द्यायची, हे २००५ च्या कायद्याने ठरतं. बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्या ती देतात. आपली कोपऱ्यावरची पतसंस्था मात्र १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालते. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते, रिझर्व्ह बँकेची नव्हे. त्यामुळे तिथे वेळेवर भरलेला हप्ता सहसा सिबिलपर्यंत पोचत नाही. भिशी आणि घरभाड्याचा तर प्रश्नच नाही.

यातली गंमत बघा. त्याच माणसाच्या बायकोने चार बायकांच्या गटातून मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं असेल, तर त्याची नोंद असते. म्हणजे कायम नोकरीतल्या नवऱ्याची पाटी कोरी आणि घरी शिवणकाम करणाऱ्या बायकोचा इतिहास तयार! असं घर असेल तर अर्जात बायकोला सहअर्जदार जरूर घ्या. पुष्कळांना हे सुचतही नाही, कारण गाडी म्हणजे पुरुषाचं खातं, अशी आपली समजूत असते.

नोंद नसलेला माणूस बुडवणाराच असतो, हे गृहीत धरणं चुकीचं आहे, आणि हे आपल्या देशातल्या एका माणसाने धंदा करून दाखवलंय. चेन्नईच्या आर. त्यागराजन यांनी १९७४ साली श्रीराम ही चिटफंड कंपनी काढली. पुढे तिच्या वित्त कंपनीने जुने ट्रक घेणाऱ्या चालकांना कर्ज द्यायला सुरुवात केली. बँकेच्या दारात तो ट्रकही नापास होता आणि ट्रकवालाही. सावकारापेक्षा कमी आणि बँकेपेक्षा जास्त व्याजाने, पण माणूस पारखून कर्ज दिलं, आणि त्यावर देशातली एक मोठी वित्त कंपनी उभी राहिली. आता रिझर्व्ह बँकही तेच म्हणते आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं तिच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने लोकसभेतही ते सांगितलं. कर्ज द्यायलाच हवं असा याचा अर्थ नाही. बँक पगार बघेल, खात्याचा उतारा बघेल. पण "सिबिल नाही, निघा" एवढ्यावर काउंटर सोडू नका. नकाराचं कारण लेखी मागा.

बँकेत नकार मिळाला की माणूस जातो थेट गाड्यांच्या यार्डात. तिथला एजंट म्हणतो, "दादा, लोनचं टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल." आणि खरंच होतं! एजंट तुमचे कागद एकाच दिवशी पाच वित्त कंपन्यांकडे पाठवतो. पाचही जण तुमचा अहवाल उघडतात आणि त्या कोऱ्या पाटीवरची पहिली नोंद पाच चौकशांची होते. एक तरी हो म्हणतो, आणि मग सांगितलं जातं: "फक्त दहा टक्के व्याज. हप्ता आठ हजार सातशे पन्नास."

या दहा टक्क्यांपाशी जरा थांबू. तीन लाखांचं कर्ज, मुदत चार वर्षं. दहा टक्के फ्लॅट म्हणजे तीन लाखांवर दर वर्षी तीस हजार, चार वर्षांचे एक लाख वीस हजार. एकूण चार लाख वीस हजार, भागिले अठ्ठेचाळीस, हप्ता ८,७५०. पण दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे तीन लाख राहिलेले नसतात, तिसऱ्या वर्षी तर निम्म्याच्या आसपास असतात. व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण तीन लाखांवर. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर साडेसतरा टक्क्यांच्या वर जातो. तेच कर्ज कुणी बारा टक्के घटत्या दराने दिलं, तर हप्ता ७,९०० च्या आसपास येतो आणि एकूण व्याज सुमारे ७९ हजार. म्हणजे "दहा टक्के" हे "बारा टक्क्यां"पेक्षा चाळीस हजारांनी महाग. यार्डात हप्ता विचारणारे सगळे असतात, दर कसला ते विचारणारा क्वचित.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की वित्त कंपनी, करारापूर्वी कर्जाचा गोषवारा देणारा मुख्य तथ्य पत्रक नावाचा कागद देणं तिला बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. प्रोसेसिंग फी, गळ्यात मारलेला विमा, सगळं त्यात उघडं पडतं. तो कागद घरी न्या, रात्री वाचा. "सर, आजच सही केली तर ऑफर आहे," असं म्हणणाऱ्याला उद्या या म्हणा.

आणखी एक गाठ डाऊन पेमेंटची. कर्ज मिळतं ते तुम्ही ठरवलेल्या किमतीवर नव्हे, कर्ज देणाऱ्याने केलेल्या मूल्यांकनावर. गाडी चार लाखांना ठरली, मूल्यांकन साडेतीन आलं आणि त्याचे ऐंशी टक्के मंजूर झाले, तर हाती दोन लाख ऐंशी हजार. उरलेले एक लाख वीस हजार, शिवाय ट्रान्सफर आणि विमा, हे तुमचे. इथेच माणूस हातउसने घेतो आणि गाडीबरोबर दोन कर्जं घरी आणतो. किमतीची घासाघीसही आजच्या हिशेबाने करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या मालकाने काय भरलं होतं याला अर्थ नाही. नवी आज केवढ्याला मिळते, तिथून खाली या.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा, म्हणजे एचपी, असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात, नव्या कर्जाचा बोजा चढवायला ३४. थकलेली ई-चलनं ऑनलाइन तपासा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट आहे का पाहा. नाहीतर कल्याणच्या आरटीओत काम अडतं. विकणाऱ्यांनाही सांगतो, ट्रान्सफर झाल्याची खात्री करा. आरसीवर ज्याचं नाव तोच अपघातात जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगून ठेवलंय.

जामीनदाराचा विषय नाजूक आहे. मेहुणा म्हणतो, "दाजी, फक्त सही तर करायचीय." १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ बघा. उलट काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. हप्ता थकला तर दाजींच्या नोंदीवरही डाग पडतो. म्हणून सहअर्जदार मिळत असेल तर जामीनदाराला त्रास देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या मते मात्र या सगळ्याआधीची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पहिलं नोंदलेलं कर्ज गाडीचं नसावं. बँकेत वीस-पंचवीस हजारांची ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, किराणा त्यावर भरा, महिनाअखेर पूर्ण बिल चुकतं करा. किंवा बँकेतून छोटं सोनेतारण काढा आणि वेळेवर सोडवा. साधारण सहा महिन्यांत आकडा उमटू लागतो. गाडी दसऱ्याला घ्यायची असेल, तर ही तयारी चैत्रातच सुरू करा. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आज घरी गेल्यावर तो मागवा आणि आपल्या नावावर भलत्याच कुणाचं कर्ज नाही ना, तेही बघून घ्या.

शेवटची विनंती समोर बसलेल्या पतसंस्थांच्या संचालकांना. तुमच्या सभासदाने किती कर्ज घेतलं, किती हप्ते वेळेवर भरले, याचा दाखला संस्थेच्या शिक्क्यानिशी त्याला द्या. बँकेवर तो बंधनकारक नाही, पण शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर तो ठेवता येतो. पुढच्या वार्षिक सभेत एवढा एक ठराव कराच.