दुग्धव्यवसाय : अल्पभूधारकाचा आधार, ग्रामीण भगिनींचे स्वावलंबन

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



एखादी धर्मादाय संस्था पन्नास वर्षे अव्याहत चालते, तेव्हा तिच्या वह्यांत दोन प्रकारचे दान आढळते. पहिले संकटसमयीचे. दुष्काळात धान्य, आजारात औषध, जूनमध्ये वह्या-पुस्तके. ते आवश्यकच आहे. परंतु पुढच्या वर्षी घेणारा हात पुन्हा पुढे येतो. दुसरे दान असे की, घेणाऱ्याला पुन्हा मागण्याची वेळच येऊ नये. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दुसऱ्या प्रकारच्या दानाचा विचार व्हावा, आणि त्यासाठी ग्रामीण भागातील दुग्धव्यवसायाकडे पाहावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

शेतीचे उत्पन्न वर्षातून एकदा किंवा दोनदा येते. दुधाचे उत्पन्न सकाळ-संध्याकाळ येते आणि बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी हाती पडते. व्यापारी माणसाला खेळत्या भांडवलाचे महत्त्व सांगावे लागत नाही. एक-दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या कुटुंबासाठी गोठ्यातील एक गाय किंवा म्हैस हेच खेळते भांडवल असते. किराणा, शाळेची फी, दवाखाना यांसाठी सावकाराच्या दारी जाण्याची पाळी ती टाळते. आपल्या देशात जमिनीची वाटणी फार विषम आहे. पशुधनाची वाटणी त्या मानाने पुष्कळ समान आहे. म्हणूनच दुधाला चांगला भाव मिळाला, तर तो पैसा लहान घरांपर्यंत पोहोचतो.

हा भाव मात्र आपोआप मिळालेला नाही. १९४५ मध्ये मुंबईच्या दूध योजनेसाठी गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील दूध गोळा करण्याचा मक्ता एका खाजगी डेअरीला मिळाला. दूध शेतकऱ्याचे, नफा दुसऱ्याचा, अशी स्थिती झाली. शेतकरी सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. त्यांच्या सांगण्यावरून मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली. पंधरा दिवस शेतकऱ्यांनी दूध विकले नाही. १४ डिसेंबर १९४६ रोजी जिल्हा सहकारी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष होते. १९४८ मध्ये प्रारंभी रोजचे संकलन जेमतेम २५० लिटर होते. १९४९ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन आणंदला आले. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, हा परदेशी तज्ज्ञांचा समज एच. एम. दलाया यांनी खोटा ठरविला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री १९६४ मध्ये खेडा जिल्ह्यातील अजरपुरा गावी मुक्कामाला राहिले आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची स्थापना झाली. १९७० मध्ये दुग्धमहापूर योजना सुरू झाली. १९५०-५१ मध्ये देशाचे दूध उत्पादन १ कोटी ७० लाख टन होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे २३ कोटी ९० लाख टनांवर गेले. महाराष्ट्रातही कोल्हापूरचा ‘गोकुळ’ संघ १९६३ मध्ये याच सहकाराच्या वाटेने उभा राहिला.

या यशाचे मर्म हिशेबाच्या चोखपणात आहे. गावच्या संस्थेत दूध मोजले जाते, त्यातील फॅट आणि एस. एन. एफ. तपासले जाते आणि त्यानुसार दर लागतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट व ८.५ एस. एन. एफ. हे दराचे प्रमाण मानतात. तपासणी डोळ्यांदेखत झाली आणि पावती हाती आली, तर पाणी घालणाऱ्याला लाभ उरत नाही व प्रामाणिक माणसाला तोटा होत नाही. वजनकाट्याची शुद्धता म्हणजे काय, हे व्यापारी समाजाइतके कोणाला कळणार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चाळीस-पन्नास घरांच्या वस्तीत पहाटे गोठ्यात कोण असते? शेण काढणे, वैरण कापणे, पाणी पाजणे, वासराला सोडणे, धार काढणे, ही कामे बहुतेक घरांत स्त्रीच करते. किटली घेऊन डेअरीवर मात्र पुरुष जातो. संस्थेचे सभासदत्व त्याच्या नावे, पासबुक त्याच्या खिशात आणि वार्षिक सभेतील मतही त्याचेच. देशातील दूध संस्थांच्या सभासदांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश आहे. कष्टाची बाजू एका नावावर आणि जमेची बाजू दुसऱ्या नावावर, अशी खतावणी कोणत्याही पेढीत चालणार नाही. गोठ्यात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

यात केवळ अन्याय नाही, रोकडे नुकसानही आहे. गाईच्या दोन वेतांतील अंतर १३ महिने राहिले, तर सुमारे १० महिने दूध मिळते व ३ महिने ती भाकड राहते. तेच अंतर १८ महिन्यांवर गेले, तर वैरणीचा खर्च पाच महिन्यांनी वाढतो, दूध मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. अंतर वाढण्याचे एक मुख्य कारण म्हणजे वेळेवर न ओळखलेला माज. गाय हंबरते, वैरण कमी खाते, सोट टाकते, ही लक्षणे प्रथम कोणाला दिसतात? जी दिवसभर गोठ्यात वावरते तिला. पण पशुवैद्यकाच्या शिबिराला पुरुष बसतो आणि डॉक्टरला फोन करण्याचा निर्णयही त्याचाच. तो बाजाराला गेलेला असेल, तर ती वेळ निघून जाते आणि पुन्हा तीन आठवडे थांबावे लागते. कासदाहाचेही तसेच. सडातून आलेली पहिली गाठ धार काढणाऱ्या हाताला कळते. तेव्हा त्या हाताला ज्ञान आणि त्या ज्ञानाला खर्चाचा अधिकार मिळाला, तर नवी गाय न घेताही घराचे उत्पन्न वाढते.

हे प्रत्यक्षात उतरले आहे. आंध्र प्रदेशात चित्तूर परिसरात २०१४ मध्ये ‘श्रीजा’ ही दूध उत्पादक कंपनी स्थापन झाली. तिच्या सर्व सभासद स्त्रिया आहेत आणि त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली आहे. दुधाचे पैसे त्यांच्याच बँक खात्यात जमा होतात. राजस्थानात पाली येथील ‘आशा’ आणि अलवर येथील ‘सखी’ या महिला कंपन्याही याच धर्तीच्या. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद स्त्रिया निरक्षर आहेत, या कारणाने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. त्या स्त्रिया लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अर्ज केला. २०१२-१३ च्या दुष्काळात याच माणदेशात जनावरांसाठी मोठी चारा छावणी चालविली गेली. जनावर जगले म्हणून त्या घरांची चूल जगली.

जैन श्रावकाला हा विषय परका नाही. उपासकदशांग या सातव्या अंगात भगवान महावीरांच्या आनंद श्रावकाचे वर्णन आहे; त्याच्याकडे प्रत्येकी दहा हजार गाईंचे चार व्रज होते. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार पाहिले, तर ते गोठ्यालाच लागू पडतात : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. वासराला पुरेसे दूध न ठेवता सगळी धार काढणे हा पाचवा अतिचारच नव्हे काय? आणि पहिल्या तासांतील चीक पोटात न गेल्याने वासरू दगावते, हे व्यवहारानेही तोट्याचेच ठरते. येथे दया आणि हिशेब एकाच बाजूला उभे आहेत.

सर्वच ठिकाणी मात्र ते एका बाजूला नसतात, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. दुकानात पडून राहिलेल्या मालाला भूक लागत नाही. भाकड गाईला लागते. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याच्या कक्षेत २०१५ मध्ये बैल आणि वळूही आले. त्याचे समाधान ज्यांना वाटते, त्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. म्हाताऱ्या जनावराच्या रोजच्या वैरणीचा खर्च अखेर दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. जीवदया आपली आणि तिचा भार त्याचा, हे न्यायाचे नाही. पांजरापोळाला दिलेली देणगी म्हणजे त्या भारातील आपला वाटा होय.

या दृष्टीने धर्मादाय संस्थांना चार गोष्टी सहज करता येतील. पहिली, गाय-म्हैस फुकट न वाटता बिनव्याजी फिरता निधी उभारावा. दुधाच्या बिलातून हप्ता फेडला जावा आणि तोच पैसा पुढच्या घरी जावा. दुसरी, जनावराची खरेदी, विमा, संस्थेचे सभासदत्व आणि बँक खाते ही चारही घरच्या स्त्रीच्या नावे असावीत, ही अट असावी. तिसरी, नवीन जनावर देण्याआधी असलेल्या जनावराची काळजी शिकवावी. खनिज मिश्रण, जंतनाशक, लाळ्या-खुरकूताची लस, मुरघास, मुक्त गोठा आणि चोवीस तास पाणी यांवर झालेला खर्च लवकर भरून निघतो. ही शिबिरे दुपारच्या मोकळ्या वेळी आणि वस्तीवरच घ्यावीत, म्हणजे स्त्रियांना येता येईल. चौथी, प्रत्येक साहाय्याबरोबर भाकड व वृद्ध जनावरांसाठी जवळच्या पांजरापोळाशी करार असावा आणि त्यासाठी निधीचा काही भाग आधीच बाजूला काढून ठेवावा.

दुधाचे दर वर-खाली होतात. जानेवारी २०२४ मध्ये राज्य शासनाला गाईच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावे लागले, ते दर कोसळल्यामुळेच. म्हणून कर्ज काढून दहा गाई बांधण्याची घाई कोणी करू नये आणि कोणाला करायलाही लावू नये. घरच्या वैरणीवर व घरच्या मनुष्यबळावर पोसतील तेवढीच जनावरे असावीत. परिग्रहाला परिमाण हवे, हे तत्त्व गोठ्यालाही लागू आहे.

दहा दिवसांनी दुधाचे बिल येईल, तेव्हा पासबुकावर त्या माउलीचे नाव असावे आणि त्या रकमेतून मुलीची फी भरायची की कालवडीसाठी पेंड घ्यायची, हे तिने ठरवावे. संस्थेच्या एक्कावन्नाव्या वर्षाच्या वहीत अशा पाच घरांची नावे लिहिली गेली, तरी सुवर्णमहोत्सवाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.