पाणबुड्याचें घड्याळ आणि त्याचे बदललेले भाग



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना हंसूं येईल. आयुष्यभर मुलांना गणित व भूगोल शिकविलेल्या माणसानें लक्षावधि रुपये किंमतीच्या घड्याळांविषयीं काय बोलावें? परंतु हा विषय केवळ श्रीमंतांच्या हौसेचा नाहीं. खोल पाण्यांत टिकणारें एखादें नामांकित घड्याळ घ्यावयाचें, त्याची तबकडी, कांटे, कांच हे भाग काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या कारखान्यांचे भाग बसवावयाचे, आणि घड्याळ आपल्या मनासारखें करून घ्यावयाचें, अशी एक कला अलीकडे जगभर पसरली आहे. तिच्यांत कारागिरी आहे, सौंदर्यदृष्टि आहे, आणि फसवणुकीलाही जागा आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं, भाग बदलण्यास कोणाचीही हरकत नसावी. मात्र भाग बदलला कीं मूळ कर्त्यानें दिलेलें वचन संपतें, आणि नवें वचन देण्याची जबाबदारी बदलणारावर येते.

प्रथम हें घड्याळ कसें जन्मास आलें तें थोडक्यांत पाहूं. मनगटी घड्याळाचे दोन जुने शत्रु म्हणजे धूळ आणि पाणी. १९२६ सालीं रोलेक्स कंपनीनें ‘ऑयस्टर’, म्हणजे कालव, या नांवाची घड्याळाची पेटी काढली. तिचें मागील झांकण आणि चावी हीं दोन्ही स्क्रूप्रमाणें पिळून घट्ट बसत. पुढील वर्षीं मर्सिडीज ग्लाइत्झ नांवाच्या इंग्रज जलतरणपटु तरुणीनें इंग्लिश खाडींत दहा तासांहून अधिक काळ पोहतांना असें घड्याळ गळ्यांत बांधलें होतें, आणि ती बाहेर आली तेव्हां तें नीट चालत होतें. पुढें १९५३ च्या सुमारास ब्लांपँ कंपनीचें ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सचें ‘सबमरीनर’ अशीं दोन घड्याळें निघालीं. फॅदम म्हणजे सहा फूट. तेव्हां पन्नास फॅदम म्हणजे तीनशें फूट, सुमारें ९१ मीटर. त्यांतील पहिलें घड्याळ फ्रेंच आरमाराच्या पाणबुड्या सैनिकांच्या गरजेंतून निघालें.

आज बहुतेक पाणबुडे मनगटावर एक लहानसा संगणक बांधतात. घड्याळ असलें तर तें दुसरा आधार म्हणून. सबमरीनर घालणारे बहुसंख्य लोक पोहण्याच्या तलावापलीकडे जात नाहींत. म्हणूनच या घड्याळाकडे हत्यार म्हणून पाहण्याऐवजीं दागिना म्हणून पाहण्याची वृत्ति वाढली, आणि दागिन्याप्रमाणें तें मोडून घडविण्याची हौस निर्माण झाली.

परंतु तबकडीवर ‘२०० मीटर’ असे जे शब्द असतात त्यांचा अर्थ काय, हें जरा गणितानें पाहूं. पाण्यांत दर दहा मीटर खोलीमागें एका चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम दाब वाढतो. दोनशें मीटरवर हा दाब वीस किलोग्रॅम होतो. घड्याळाची कांच तीन सेंटिमीटर व्यासाची धरली, तर तिचें क्षेत्रफळ सुमारें सात चौरस सेंटिमीटर येतें. सात गुणिले वीस म्हणजे एकशें चाळीस. दोन धट्टेकट्टे पुरुष त्या चिमुकल्या कांचेवर उभे राहिल्यासारखेंच हें आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा ६४२५ क्रमांकाचा नियम असा कीं, पाणबुड्याचें म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळानें निदान शंभर मीटर खोली सोसली पाहिजे, आणि त्यावर लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखालीं त्याची परीक्षा झाली पाहिजे. म्हणजे तो आंकडा ही शोभा नसून एका परीक्षेचा दाखला आहे. दाखला ज्या विद्यार्थ्याचा त्याचाच. तो दुसऱ्याच्या नांवावर चालत नाहीं.

आतां एकेक भाग बदलला असतां काय होतें तें पाहूं. कांच बदलतांना ती मूळ कांचेहून पातळ असली, किंवा तिच्याभोंवतींचें कडें खांचेंत नीट बसलें नाहीं, तर वरील सर्व हिशेब फुकट जातो. चावीच्या नळींतील आणि पाठीच्या झांकणाखालील रबरी वॉशर केंसाइतका चेपला किंवा त्यावर धाग्याचा एक तुकडा राहिला, तरी पाण्याला तेवढी वाट पुरते. तबकडीच्या पाठीमागें दोन बारीक पाय असतात. ते यंत्राच्या भोंकांत बसतात. परकी तबकडी बसवितांना पुष्कळदां हे पाय जुळत नाहींत. मग ते कापून तबकडी चिकटपट्टीनें बसवितात. धक्का बसला कीं ती सरकते आणि कांट्यांना अडवते. सेकंदाचा कांटा मूळच्याहून जड असला तर यंत्रावर भार पडतो व घड्याळ मागें पडूं लागतें.

कांचेभोंवतीं मिनिटांच्या खुणा असलेलें जें फिरतें कडें असतें, ज्यास घड्याळजी बेझल म्हणतात, त्याची गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. पाणबुड्या पाण्यांत उतरतांना त्या कड्यावरील मुख्य खूण मिनिटकांट्यासमोर आणतो. पुढें कांटा कड्यावर जो आंकडा दाखवील तितकीं मिनिटें तो पाण्याखालीं आहे. आज बहुतेक अशा घड्याळांत हें कडें एकाच दिशेनें, म्हणजे घड्याळाच्या कांट्यांच्या उलट, फिरतें. कां? खडकाला हात लागून तें चुकून सरकलें, तर कांटा खऱ्याहून अधिक मिनिटें दाखवील. माणूस लवकर वर येईल व वांचेल. तेंच कडें दुसऱ्या दिशेनें सरकलें, तर मिनिटें कमी दिसतील, आणि टांकींतील हवा संपत आली तरी त्यास वेळ आहे असें वाटेल. एवढा विचार त्या एका कड्यांत सांठविलेला आहे. रंग आवडला म्हणून दोन्हीं दिशांना फिरणारें कडें बसविणारा मनुष्य हा विचार काढून टाकतो, आणि त्याचें त्यास भानही नसतें.

जुन्या घड्याळांच्या बाबतींत आणखी एक भय आहे. पूर्वीं अंधारांत आंकडे दिसावेत म्हणून तबकडीवर व कांट्यांवर रेडियममिश्रित रंग लावीत. पुढें त्याच्या जागीं ट्रिटियम आलें, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस उजेड शोषून नंतर चमकणारा निरुपद्रवी रंग आला. ट्रिटियम साडेबारा वर्षांच्या आंतच निम्में उरतें. रेडियमला निम्में होण्यास सुमारें सोळाशें वर्षें लागतात. जुना रंग चमकत नाहीं म्हणून तो निर्जीव झाला असें समजूं नये. चमकणारें द्रव्य थकतें, रेडियम थकत नाहीं. असे कांटे घरीं बसून खरवडणें म्हणजे ती धूळ श्वासाबरोबर आंत घेणें होय. रेडियमच्या रंगानें अमेरिकेंतील तबकड्या रंगविणाऱ्या मुलींचे काय हाल झाले, हें १९२० नंतरच्या दशकांत जगानें पाहिलें आहे.

येथें कोणी विचारील, मग बदल करूंच नये काय? तसें नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत ब्रिटिश संरक्षण खात्यानें आपल्या पाणबुड्यांसाठीं सबमरीनर घड्याळें बदलून घेतलीं होतीं. पट्टा निसटूं नये म्हणून पट्ट्याच्या दांड्या पक्क्या जोडल्या, कांटे रुंद तलवारीच्या आकाराचे केले, आणि कड्यावर पुरत्या साठही मिनिटांच्या खुणा केल्या. प्रत्येक बदलामागें कामाचें कारण होतें, आणि बदल करवून घेणारास व करणारास दोघांसही तें ठाऊक होतें. पुढचा भाग मात्र मौजेचा आहे. हीं घड्याळें सरकारी कामांतून निघून सामान्य लोकांच्या हातीं गेलीं, तेव्हां पुष्कळांनीं ते लष्करी कांटे व कडीं काढून नेहमींचे सुबक भाग बसविले. आज त्याच टाकून दिलेल्या भागांना संग्राहक मोठी किंमत देतात, आणि म्हणून त्यांच्या नकलाही होतात!

लबाडी कोठपर्यंत जाते याचा दाखला पाणबुड्याच्या नव्हे, पण तितक्याच प्रसिद्ध अशा दुसऱ्या एका घड्याळाचा आहे. ओमेगा कंपनीचें १९५७ च्या नमुन्याचें एक ‘स्पीडमास्टर’ घड्याळ नोव्हेंबर २०२१ मध्यें जिनिव्हा येथील लिलावांत एकतीस लाख स्विस फ्रँकांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. घेणारी संस्था खुद्द ओमेगाच होती. २०२३ मध्यें कंपनीनेंच जाहीर केलें कीं, तें घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभें केलेलें होतें, आणि त्या प्रकरणांत तिचेच तीन माजी नोकर गुंतलेले होते. कर्त्याचीही अशी फसवणूक होते, तेथें सामान्य गिऱ्हाइकाची काय कथा!

आपणांस दूर जाण्याचें कारण नाहीं. जुन्या स्वस्त घड्याळांच्या तबकड्या नव्यानें रंगवून, हाताला येतील ते भाग बसवून तीं परदेशीं विकण्याचा धंदा आपल्याकडे इतका वाढला कीं, तिकडील संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असें नांवच पडलें आहे. मला या नांवाचें वाईट वाटतें. ज्या कारागिराचा हात बारीक अक्षरें इतकीं सफाईनें काढूं शकतो, त्याच्या कौशल्याची ओळख जगाला थट्टेच्या नांवानें व्हावी काय? तबकडी रंगविणें हें प्रामाणिक काम आहे. रंगविलेली तबकडी मूळची म्हणून विकणें अप्रामाणिक आहे. बदनामी दुसऱ्या कृत्याची, आणि ती भोगावी लागते पहिलें करणारास.

अमेरिकेंतील न्यायालयांनींही हाच फरक केलेला दिसतो. १९४७ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें दुरुस्त केलेल्या जुन्या स्पार्क प्लगांवर मूळ कंपनीचें नांव राहूं दिलें. अट एवढीच कीं, माल दुरुस्त केलेला आहे हें त्यावर स्पष्ट दिसावें. मात्र बदल फारच मूलगामी असला तर जुनें नांव लावणें खोटें ठरेल, असेंही त्यानें सुचविलें. २०२१ मध्यें जुन्या हॅमिल्टन खिशांतील घड्याळांचीं यंत्रें नव्या मनगटी पेट्यांत बसवून विकणाऱ्या व्हॉर्टिक कंपनीच्या बाजूनें निकाल झाला, कारण तिनें कांहीं लपविलें नव्हतें. उलट परक्या तबकड्या व कडीं बसविलेलीं रोलेक्स घड्याळें रोलेक्सच्या नांवानें विकणाऱ्यांविरुद्ध १९९९ आणि २०२४ मध्यें निकाल झाले. लंडनच्या बॅमफर्ड कारखान्याची गोष्ट आणखी निराळी. तो पूर्वीं मूळ कंपन्यांच्या संमतीवांचून घड्याळें बदलून देई. २०१७ पासून झेनिथ व टॅग ह्यूअर या कंपन्यांच्या संमतीनें तेंच काम करूं लागला. कारागिरी तीच, पण आतां तिला कर्त्याच्या शब्दाचा आधार आहे.

तरुण श्रोत्यांपैकीं कोणास ही कला शिकावयाची असल्यास माझ्या चार सूचना आहेत. पहिली, आरंभ महागड्या घड्याळावर करूं नये; सेइको कंपनीच्या साध्या पाणबुडी घड्याळांसाठीं सुटे भाग मुबलक मिळतात, त्यांवर हात बसवावा. दुसरी, काढलेला प्रत्येक मूळ भाग लहान पाकिटांत घालून त्यावर तारीख लिहावी, म्हणजे घड्याळ केव्हांही पूर्ववत् करतां येईल. तिसरी, पेटी उघडली कीं वॉशर नवे घालावेत आणि चांगल्या घड्याळजीकडून दाबाची परीक्षा करून घ्यावी. त्याचें यंत्र घड्याळाभोंवतीं हवेचा दाब वाढवून पेटी किती चेपते तें मोजतें. चेपलेली पेटी दाब कायम असतांनाच पुन्हां फुगूं लागली, तर हवा आंत शिरते आहे असें समजावें. परीक्षा होईपर्यंत तबकडीवरील आंकडा कितीही मोठा असो, तें घड्याळ पाण्यांत नेऊं नये. चौथी, विकतांना कोणते भाग बदलले, ते कोठून आणले, हें कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावें.

या चौथ्या सूचनेस कांहीं खर्च नाहीं, आणि नेमकी तीच लोकांना सर्वांत जड वाटते. कारण तो कागद दिला तर किंमत उतरते. उतरूं द्यावी. ती उतरलेली रक्कम आपली नव्हतीच. ती दुसऱ्याच्या नांवाची होती. आपल्या हातांनीं जें केलें तें आपल्या नांवानें पुढें ठेवावें. काम चांगलें असेल तर त्याला हळूहळू आपलें स्वतःचें मोल येईल, आणि आज थट्टेचें झालेलें ‘मुंबई’ हें नांवही कदाचित् उद्यां कारागिरीच्या गौरवानें घेतलें जाईल.