फुकट वीज कोणाच्या शेतावर?

(मतदानाच्या आधी पाड्यांवरच्या बैठकीत मांडलेले बोलणे. जिथे बैठक झाली नाही तिथे वाचता येणाऱ्याने सगळ्यांना वाचून दाखवावे.)



13 ऑक्टोबर 2004 ला विधानसभेचं मतदान आहे. जीपगाड्या घाट चढायला लागल्या. झेंडे वेगळे आहेत, पण भोंग्यातून शब्द एकच येतो : फुकट वीज. शिवसेनेचे बाळासाहेब ठाकरे म्हणाले, आमचं राज्य आलं तर शेतकऱ्याला वीज फुकट देऊ. तर काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सुशीलकुमार शिंदे सरकारने निवडणुकीआधीच पंपाची वीज फुकट केली. आंध्रात मे महिन्यात राजशेखर रेड्डी असंच वचन देऊन निवडून आले, ते दोघांनीही पाहिलं.

शेतकऱ्याचं बिल माफ होण्याला आमचा विरोध नाही. पण ही वीज कोणाच्या शेतावर जाते, ते विचारलं पाहिजे.

पंपाचं कनेक्शन मागायला गेलं की सातबारा मागतात. आपण आजा-पणजापासून खेडतो ती जमीन कागदावर जंगलखात्याची. आपल्या गाठोड्यात काय आहे? दंडाच्या पावत्या. पावतीवर पंप मिळत नाही. म्हणजे सातबारा जिथे संपतो तिथेच फुकट विजेची तार संपते. ज्याचे चार पंप त्याला चार पंपांची माफी, आणि जंगलजमीन खेडणाऱ्याला फक्त भोंगा ऐकायचा. म्हणून आम्ही म्हणतो, आपल्यासाठी विजेचा प्रश्न आधी जमिनीचा प्रश्न आहे.

आता दुसरी गोष्ट. वीज तयार करायला जमीन कोणाची गेली? सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं येतात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. सगळी आदिवासींची. लवादाने 1979 साली निकाल दिला, त्यात महाराष्ट्राला त्या धरणाची 27 टक्के वीज मिळणार असं ठरलं. आपलं शेत, आपलं जंगल, आपली नदी बुडाली त्याच्या बदल्यातली ही वीज. ती तारेवरून शहराकडे जाणार आणि आपल्या घरात घासलेटची चिमणी. रेशनला घासलेट आलं नाही तर चिमणीही नाही. यावर कोणता उमेदवार भोंग्यावर बोलला?

वचनाचं काय होतं तेही लक्षात ठेवा. 1993 साली शरद पवारांच्या सरकारने एन्रॉन कंपनीशी दाभोळच्या विजेचा करार केला. 1995 च्या निवडणुकीत युतीवाले एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा करत होते. निवडून आले, ऑगस्टमध्ये करार रद्द केला. आणि पुढच्या जानेवारीत त्याच कंपनीशी पुन्हा बोलणी पक्की केली, प्रकल्प आधीपेक्षा मोठा केला. वीज इतकी महाग पडली की 2001 मध्ये मंडळाने ती घेणं बंद केलं. तो कारखाना बंद पडला. एकाने करार केला, दुसऱ्याने मोडून पुन्हा जोडला. नुकसान राज्याचं, म्हणजे आपलं सगळ्यांचं. त्यामुळे कोणाचा झेंडा चांगला, हे भाषणावरून ठरवू नका.

काही उमेदवार सांगतील, तुमचं गाव तर विद्युतीकृत आहे, कागद बघा. कागदाची गंमत ऐका. यंदा फेब्रुवारीत केंद्र सरकारने नवा नियम केला : शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज आणि शंभरातल्या दहा घरांत वीज, की गाव विद्युतीकृत. नव्वद घरं अंधारात असली तरी चालतं! आपलं गाव म्हणजे डोंगरावर पसरलेले पाडे. खालच्या पाड्यात दहा घरांना दिवा लागला की वरचे सगळे पाडे कागदावर उजळले. म्हणून गावाचं विचारू नका, पाड्याचं नाव घेऊन विचारा.

आपल्याला जमत नाही असंही नाही. धडगाव भागात बिलगावला उदय नदीच्या धबधब्यावर लोकांनी स्वतः श्रमदान करून 15 किलोवॉटचा छोटा वीजप्रकल्प उभा केला. केरळचे इंजिनियर मदतीला आले. जानेवारी 2003 पासून घरात दिवे लागले. त्यासाठी गाव बुडवावं लागलं नाही. असं काम करायला सरकारने पैसा द्यावा, हे कोणाच्या जाहीरनाम्यात आहे?

उमेदवार आला की ओवाळू नका, नारळ फोडू नका. आधी खाली बसवा आणि तीन प्रश्न विचारा :

1. सरकारने 2002 मध्ये जंगलजमिनीचे दावे गावसमितीसमोर तपासायचं ठरवलं. आमच्या दाव्यांचा निकाल लावून सातबारा द्यायला तुम्ही विधानसभेत उभे राहाल का?
2. आमच्या कोणत्या पाड्यात वीज आणणार, किती घरांत? छोट्या प्रकल्पाला पैसा देणार का?
3. धरण असो की दुसरा प्रकल्प, ग्रामसभेने नाही म्हटलं तर तुम्ही कोणाच्या बाजूला?

उत्तर बायांच्या समोर घ्या, कारण पाणी आणि सरपण त्याच आणतात. उत्तर वहीत लिहा आणि खाली उमेदवाराची सही घ्या. आजवर साहेब लोकांनी आपले अंगठे कोऱ्या कागदावर घेतले. आता लिहिलेल्या कागदावर त्यांची सही आपण घेऊ. सही करत नसेल तर तेही तारखेसह लिहा. वही कारभाऱ्याकडे ठेवा. निवडून आलेला माणूस पाच वर्षं सापडला नाही तरी वही सापडेल.

मत कोणाला द्यायचं ते पाड्याने बसून ठरवावं. दारूवर आणि नोटेवर ठरवू नये.

लडेंगे, जीतेंगे!