स्विम स्पा : किंमत एकदाची, खर्च रोजचा

बँकेच्या कर्ज विभागात मी तीस वर्षं काढली. तेवढ्या काळात एक गोष्ट पक्की लक्षात आली. वस्तू घेताना माणूस किंमत विचारतो, खर्च विचारत नाही. मोटार घेणारा हप्ता विचारतो, पण टायर कितीला पडतात हे विचारत नाही. आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती लातूर-नांदेडकडे अजून नवलाईची आहे. तिचं नाव स्विम स्पा.

स्विम स्पा म्हणजे चार-साडेचार मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद असा फायबर-ॲक्रिलिकचा तयार हौद. एका बाजूने पंप पाण्याचा जोरदार झोत सोडतात आणि आपण त्या झोताविरुद्ध जागच्या जागी पोहायचं. पाणी तापवायला हीटर, गाळायला फिल्टर आणि वर जाड झाकण. यात साधारण सहा हजार लिटर पाणी मावतं.

आमच्या घरात हा विषय निघाला तो सौ.च्या गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला. त्याचं कारणही सरळ आहे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो. छातीइतक्या पाण्यात तो तिसऱ्या हिश्शावर येतो. जमिनीवर जो गुडघा दहा पावलांत कुरकुरतो, तो पाण्यात अर्धा तास चालतो. पुण्याच्या मुलाने लगेच एक दरपत्रक पाठवलं आणि फोन केला, “बाबा, गच्चीवर ठेवू. आईला कुठं जायलाच नको.” मुलाची माया खरी होती, म्हणून हिशेबही खरा करायला हवा होता.

पहिला प्रश्न गच्चीचा. सहा हजार लिटर पाणी म्हणजे सहा टन. हौदाचं वजन आणि आत उतरणारी माणसं धरून सात टनांच्या घरात जातं. हा भार दहा चौरस मीटरवर पडणार, म्हणजे चौरस मीटरला सातशे किलो. आपल्या राहत्या घरांचे स्लॅब वापराच्या भारासाठी चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरून बांधतात. हा भार त्याच्या साडेतीनपट झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत आणि आसपासच्या गावांत काय झालं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. दगडमातीच्या भिंतींवर मातीचे जाड माळवद होते. डोक्यावरचं वजन भूकंपात किती निर्दयी होतं, ते आपण पाहिलं आहे. तेव्हा असला हौद जमिनीवर, काँक्रीटच्या पक्क्या ओट्यावरच हवा. गच्चीचा हट्टच असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती घ्या. विक्रेत्याचं “काही होत नाही साहेब” त्या कागदाच्या जागी चालत नाही.

आता पैसे. उदाहरणासाठी हौद चौदा लाखांचा धरू. ओटा, शेड, क्रेन, वायरिंग आणि पाणी काढून देण्याची सोय यांचे तीन लाख. झाले सतरा लाख. दहा वर्षं वापर धरला, तर झीज महिन्याला चौदा हजार. अडकलेल्या पैशावरचं बुडालेलं व्याज सरासरीने पाच हजार. आणि ही दोन कलमं विजेचं मीटर फिरण्याआधीचीच आहेत.

वीज सोप्या गणितात बसते. सहा हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे सात युनिट लागतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो. झाकण असूनही पाणी रात्रीतून एक अंश उतरलं, तरी रोजची सात युनिट फक्त ऊब टिकवायला गेली. झोताचे तीन पंप मिळून सहा किलोवॉट धरले, तर पाऊण तासाला साडेचार युनिट. फिल्टरचा पंप रोज काही तास चालतो, तो वेगळा. म्हणजे हिवाळ्यात महिन्याला साडेतीनशे ते चारशे युनिट आणि एरवी दीड-पावणेदोनशे. हे घरच्या वापरावर चढत असल्याने वरच्या टप्प्याचा दर लागतो. मंजूर भार वाढवावा लागतो आणि बहुधा थ्री फेज जोडणीही घ्यावी लागते. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच यांत मात्र पैशाची काटकसर करू नका. पाणी आणि वीज एकाच जागी नांदणार आहेत.

क्लोरीन, पाण्याची आम्लता तपासायचं साहित्य आणि फिल्टरची काडतुसं यांचे महिन्याला दीड हजार धरा. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच इथल्या हीटरवर चढणार. पंप बिघडला तर माणूस हैदराबादहून किंवा पुण्याहून येणार आणि त्याचं भाडंही आपणच देणार. दुरुस्तीसाठी महिन्याला दोन हजार बाजूला काढा आणि विजेचे सरासरी अडीच हजार. सगळी बेरीज पंचवीस हजार रुपये महिना. महिन्यातले वीस दिवस वापर झाला, तर एका उतरण्याला साडेबाराशे रुपये. पहिल्या उत्साहानंतर आठवड्यातून दोनदाच उतरलात, तर तीन हजार. व्यायामाच्या सायकली कपडे वाळवायला वापरलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

दरपत्रकात न लिहिलेली आणखी एक गोष्ट आहे. ही वस्तू थंड देशांच्या सोयीने बनलेली आहे. उष्णता आत धरून ठेवणं हाच तिचा गुण. आपल्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस-बेचाळीसवर असताना तोच गुण दोष होतो. पाणी कोमट न राहता गरम होतं. थंड ठेवायचं तर झाकण उघडायला हवं, म्हणजे माठाचं तत्त्व. शंभर लिटर पाणी उडून जाताना उरलेल्या सहा हजार लिटरचं तापमान नऊ-दहा अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता नेतं. पण ते शंभर लिटर गेलेच की! उन्हाळ्यात दहा चौरस मीटर उघड्या पाण्यावरून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडालं की बरोबर शंभर लिटर होतात. झाकावं तर पाणी तापतं, उघडावं तर पाणी उडतं. निदान सावली तरी हवीच.

आणि आता पाणी. इथे मला वाटलं होतं त्याहून वेगळा आकडा निघाला. हौद वर्षातून दोनदा बदलला आणि रोजची सरासरी पन्नास लिटरची भर धरली, तरी वर्षाला तीस हजार लिटर होतात. दिवसाला ऐंशी-ब्याऐंशी लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटरचं मान धरतात. म्हणजे घरात अर्ध्याहून थोडा जास्त माणूस राहायला आला. एवढ्यावरून कुणाला पापी ठरवायला नको. काढलेलं पाणी क्लोरीन घालणं थांबवून चार दिवस उघडं ठेवलं, तर झाडांनाही घालता येतं.

पण पाणी सरासरीने येत नाही, हे लातूरकरांना कुणी शिकवायला नको. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. आमच्या सौ.ने ज्या गुडघ्यांनी तेव्हा घागरी जिन्याने वर नेल्या, त्याच गुडघ्यांसाठी आता हौद घ्यायचा होता. त्याच वर्षी पाऊस झाला आणि धरण भरलंही. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात पुराने शेतं खरवडून नेली. आपलं पाणी असं दोन टोकांचं. नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरीचा आधार आहे, तरी उन्हाळ्याची चिंता तिथेही सुटलेली नाही. प्रश्न वर्षाच्या तीस हजार लिटरचा नाही. शेजारची बाई टँकरपाशी उभी असताना आपल्या अंगणात सहा हजार लिटर पाणी भरलेलं असेल, त्या दिवसाचा आहे. चारजणांच्या घराचं ते अकरा दिवसांचं पाणी. रिकामा ठेवावा, तर उन्हात कोरडा पडून हौद आणि पंपाची सीलं खराब होतात. दुष्काळात एक तर मन मारायचं, नाहीतर सतरा लाख.

मग घेऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. घरच्या हौदाच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा बायकांचा आहे. सार्वजनिक तलावावर बायकांची वेळ मोजकी, तीही बहुधा स्वयंपाकाच्या वेळी. साठीच्या बाईने पोहण्याचा पोशाख घालून तिथे जायचं म्हणजे गुडघ्यांपेक्षा मनाचं बळ जास्त लागतं. लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत उड्या मारलेल्या बायका साठीत पाण्याकडे परक्यासारख्या बघतात. ज्या घरात कायमचं आजारपण आहे, पैसा मोकळा आहे, जागा जमिनीवर आहे, त्यांच्यासाठी ही चैन नसेलही. चार घरांनी मिळून घेतला, तर खर्चाचा भार चौथ्या हिश्शावर येतो.

आमच्यापुरतं सांगतो. हिशेबाचा कागद मी सौ.पुढे ठेवला. तिने तो वाचला आणि म्हणाली, “अहो, मला पोहायचं कुठं आहे? मला चालायचंय. त्याला झोत कशाला हवा?” सतरा लाखांच्या दरपत्रकात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आता ती गल्लीतल्या तिघींना घेऊन तलावावर बायकांच्या वेळेला जाते. चौघी एकत्र असल्या की पोशाखाची लाज वाटत नाही, असं तिचं म्हणणं. रिक्षाचं भाडं चौघींत वाटलं जातं. आपल्यालाही असा हौद घ्यायचा असेल, तर आधी सहा महिने दुसरीकडे पाण्यात उतरून पाहा आणि किती दिवस गेलात ते कॅलेंडरवर लिहा. दरपत्रक त्यानंतर मागवा.